पनवेलला इंजिन बदलताना

आमच्याकडे पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हमखास विचारतात, ‘पनवेलला बघण्यासारखं काय आहे?’ घरातले कोणी कर्नाळ्याचे नाव घेते, कोणी मॉलचे. मी मात्र आवडत्या पाहुण्यांना स्टेशनवर नेते. लोकलच्या फलाटांवर नव्हे, त्यांच्या पलीकडे, जिथे लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात तिथे. बाकावर बसवते, चहा पाजते आणि इंजिने दाखवते. काही जण हसतात. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला इंजिनांचे काय एवढे? पण एकदा का मालगाडीचे आणि प्रवासी गाडीचे इंजिन वेगळे ओळखता आले, की तेच पाहुणे ‘आता ते कोणतं?’ असे विचारत बसतात आणि चहा गार होतो.

पनवेल हे मुळातच वाहन बदलण्याचे गाव आहे. रेल्वे नव्हती त्या काळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदराला उतरायचा आणि इथून घोडा, पालखी किंवा बैलगाडी करून घाटाकडे लागायचा. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा ही वर्दळ आणखी वाढली. मग १८६३ मध्ये रेल्वेने बोरघाट जिंकला. पण ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला पडले. पुढची शंभर वर्षे इथे रूळच नव्हते. १९६० च्या दशकात दिव्याहून रेल्वे आली, ऐंशीच्या दशकात ती रोह्यापर्यंत पोहोचली आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईची हार्बर लोकलही पनवेलपर्यंत आली. नंतर कर्जतकडे जाणारा मार्ग झाला. आता त्याच बाजूला उपनगरी गाड्यांसाठी आणखी एक मार्ग उभा राहतो आहे. होडी सोडून बैलगाडीत बसण्याचे जे गाव होते, तिथे आता गाड्यांची इंजिने इकडची तिकडे होतात.

हे सगळे मला अब्बांमुळे कळले. अब्बा डिझेल शेडमध्ये फिटर होते. १९७१ मध्ये लागले आणि २०१० मध्ये निवृत्त झाले. एकोणचाळीस वर्षे पहाटे फजरची नमाज अदा करून डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी हातांना काळे तेल आणि अंगाला डिझेलचा वास घेऊन यायचे. अम्मी म्हणायची, ‘तुमचा वास दारात येतो, तुम्ही मागून येता.’ इंजिन तपासताना ते पूर्ण वेगात चालवून बघावे लागते आणि त्या वेळी माणूस त्याच्या शेजारीच उभा असतो. सुरुवातीची कितीतरी वर्षे कानात घालायला कापसाच्या बोळ्याखेरीज काही नव्हते. पन्नाशीनंतर अब्बांना कमी ऐकू येऊ लागले आणि आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र आणून दिले होते. ते त्यांनी दोन आठवडे लावले आणि कपाटात ठेवून दिले. म्हणाले, ‘यातून सगळे एकाच आवाजात बोलतात.’

इंजिनाच्या अंगावर जी अक्षरे असतात, त्यांची बाराखडी मला अब्बांनी मी सातवीत असताना शिकवली. मी ती आजही वर्गात वापरते. पहिले अक्षर रुळांच्या रुंदीचे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, साडेपाच फुटांचा रूळ. वाय म्हणजे मीटरगेज. झेड आणि एन म्हणजे अरुंद रूळ. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या इंजिनाचे नाव म्हणूनच एनपासून सुरू होते. दुसरे अक्षर खाण्याचे, म्हणजे इंजिन कशावर चालते त्याचे. डी म्हणजे डिझेल, सी म्हणजे डीसी वीज, ए म्हणजे एसी वीज, आणि सीए असेल तर दोन्ही विजा पचवणारे. तिसरे अक्षर कामाचे. पी प्रवाशांसाठी, जी मालासाठी, एम दोन्हीसाठी, एस म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारे शंटिंगचे इंजिन. शेवटचा आकडा पिढीचा. डिझेलमध्ये पुढे पुढे तो आकडा ताकदीचाही झाला. डब्ल्यूडीएम-३ए म्हणजे ३,१०० अश्वशक्ती, कारण तीन म्हणजे तीन हजार आणि ए म्हणजे वर शंभर. पण हा नियम सगळीकडे लावायला गेलात तर फसाल. डब्ल्यूडीपी-४डी मधला डी शंभराचा हिशेब सांगत नाही. त्या इंजिनाला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन आहे, एवढेच तो सांगतो. व्याकरण शिकवणाऱ्याला अपवादांचे वाईट वाटत नाही, म्हणून मला ही बाराखडी आवडते.

अब्बांचे लाडके इंजिन डब्ल्यूडीएम-२. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले आहे, नाव माहीत नसले तरी. चौकोनी पेटीसारखे, एका टोकाला केबिन, पुढे लांबलचक नाक, निघताना काळ्या धुराचा लोट. मूळ आराखडा अमेरिकेतल्या आल्को कंपनीचा. १९६४ पासून ते वाराणसीच्या कारखान्यात बनू लागले. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. आल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण तिचे इंजिन आपल्याकडे पुढची कित्येक वर्षे बनत राहिले. वाराणसीने त्याच घराण्यातून डब्ल्यूडीएम-३ए, ३डी आणि मालगाड्यांसाठी डब्ल्यूडीजी-३ए काढली. अब्बा म्हणायचे, ‘कंपनी मेली, औलाद इथे वाढली.’

या इंजिनांबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. डिझेल इंजिनाची चाके डिझेल फिरवत नाही. डिझेलवर चालणारे मोठे इंजिन आत वीज तयार करते आणि ती वीज चाकांजवळच्या मोटारींना जाते. म्हणजे डिझेलचे इंजिनही शेवटी विजेवरच चालते. फक्त स्वतःचे वीजघर पाठीवर घेऊन फिरते. विजेच्या इंजिनाचे वीजघर दूर कुठेतरी असते आणि ते डोक्यावरच्या तारेतून वीज घेते. फरक एवढाच, आणि या एवढ्याशा फरकाने आमच्या घरात काय काय झाले ते पुढे येतेच.

नव्वदच्या दशकात रेल्वेने जनरल मोटर्सचे तंत्र घेतले आणि डब्ल्यूडीजी-४, डब्ल्यूडीपी-४ ही चार हजार अश्वशक्तीची इंजिने आली. यांचा आवाज वेगळा. आल्को उभे असताना अडखळत धडधडते, चार पावले चालून एक चुकवल्यासारखे. जनरल मोटर्सच्या इंजिनाची जात दोन स्ट्रोकची. त्याचा आवाज सलग, घुमणारा, वरून शीळ घातल्यासारखा. अब्बांचे कान गेले तेव्हा हा फरकही जाईल, असे मला वाटले होते. झाले उलटेच. फलाटाच्या छपराचा लोखंडी खांब असतो ना, त्यावर ते उजव्या हाताचा पंजा सपाट ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, ‘आल्को आहे. एक सिलिंडर नीट जळत नाही.’ मी पुढे जाऊन नंबर वाचून यायची. आल्कोच असायचे. सिलिंडरचे खरे की खोटे, ते मला कसे कळणार? पण एकदा एका ड्रायव्हर साहेबांना मी विचारले, तर ते चमकून म्हणाले, ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

आता आपाची गोष्ट.

माझी मोठी बहीण पुण्याला दिली आहे आणि तिचे सासर रत्नागिरीजवळच्या गावात. सासूबाई गावी एकट्या असतात, म्हणून आपाला महिन्या-दोन महिन्यांनी जावे लागते. पुण्याहून कर्जतमार्गे केरळकडे जाणारी गाडी ती पकडते. ही गाडी पनवेलला का थांबते, ते नकाशा काढला तरच कळते. कर्जतकडून येणारा रूळ आणि रोह्याकडे जाणारा रूळ हे दोन्ही पनवेल स्टेशनच्या एकाच टोकाला मिळतात. एक चिखले-मोहोपे-चौकवरून येतो, दुसरा सोमटणे-रसायनी-आपट्यावरून जातो. त्यामुळे घाट उतरून आलेली गाडी स्टेशनात शिरली की पुढे जायला जागाच नाही. ज्या तोंडाने आली त्या तोंडाने पुढे गेली तर थेट दिव्याला निघेल. कोकणात जायचे तर इंजिन सोडवून मागच्या टोकाला लावायचे आणि आल्या बाजूनेच बाहेर पडायचे. पुढचा डबा मागे होतो, मागचा पुढे. आपाची मुलगी लहान असताना पहिल्यांदा हे झाले तेव्हा ती रडायला लागली. तिला वाटले, गाडी आजीकडे न जाता पुण्याला परत निघाली. आमच्या शाळेतल्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती लगेच समजतात. पहिल्या तासाला उर्दू उजवीकडून, दुसऱ्या तासाला मराठी डावीकडून. वही तीच, पान तेच.

या उलटापालटीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. रात्रीची वेळ. पॉइंट्समन रुळात उतरतो, ब्रेकच्या हवेचे पाइप सोडवतो, कपलिंग मोकळे करतो, हिरवा दिवा दाखवतो. इंजिन एकटेच पुढे जाते, रूळ बदलून शेजारून मागे येते आणि दुसऱ्या टोकाला हळूच टेकते. मग पुन्हा पाइप जोडायचे, ब्रेकमध्ये हवा भरेपर्यंत थांबायचे, गाडीच्या शेवटी लावतात ती पाटी आणि लाल दिवा या टोकाचा त्या टोकाला न्यायचा. गार्ड साहेब फलाटावरून तरातरा चालत आपला डबा गाठतात. आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात. जुन्या एका केबिनच्या इंजिनाची आणखी एक गंमत होती. येताना केबिन पुढे असेल, तर जाताना लांब नाक पुढे येई. अब्बा मान हलवायचे, ‘आता बिचारा नाकामागून वाकून बघणार रात्रभर.’

ही वीस-पंचवीस मिनिटे आमच्या घरची. अम्मी होती तोवर ती दुपारपासून सांदणे वाफवायला घ्यायची. तांदळाच्या भाकऱ्या, सुके मटण, आणि रमजानमध्ये सहरीचा वेगळा डबा. आपा डब्याच्या दारात उभी असायची, उतरायची, सलाम-दुआ व्हायची. मग अब्बा आणि ती बाकावर बसायचे. हे बसणे किती महत्त्वाचे आहे, ते मला उशिरा कळले. अब्बांना फोनवर काहीच ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉलवर तोंड हलताना दिसते, पण अर्धे वाक्य गेले की ते वैतागून फोन माझ्या हातात देतात. समोर बसलेल्या माणसाचे ओठ आणि चेहरा मात्र त्यांना वाचता येतो. म्हणजे आपाशी त्यांचे जे काही बोलणे व्हायचे, ते पनवेलच्या फलाटावर, इंजिन या टोकाचे त्या टोकाला जाईपर्यंतच. पुण्याला आपाचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, अब्बांचे गुडघे गेलेले. वर्षातून एखाद्या ईदला ती येते, तेव्हा घर भरलेले असते आणि गर्दीत अब्बा गप्पच असतात.

पनवेलहून पुढचा रस्ताही अब्बांनी पोटभर पाहिलेला आहे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर. डिझेलच्या काळात त्या बोगद्यातून प्रवास केलेल्यांना आठवत असेल, गाडी आत शिरली की सगळ्या डब्यात खिडक्या खाली पाडण्याची धांदल उडायची. तरी धूर यायचाच. लांब बोगद्यांतून धूर काढायला मोठे पंखे बसवावे लागले होते. आपाच्या बुरख्याला गावी पोहोचेपर्यंत डिझेलचा वास लागायचा आणि सासूबाई म्हणायच्या, ‘माहेरचा वास घेऊन आलीस.’ रत्नागिरीजवळच पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल आहे. नावाच्या सारखेपणामुळे आमचे काही नातेवाईक वर्षानुवर्षे समजत होते की तो उंच पूल पनवेलला आहे. आले की विचारायचे, पूल कुठे आहे?

आणि रो-रो. कोलाडला मालाने भरलेले ट्रक सपाट डब्यांवर चढवतात, ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या ट्रकमध्येच बसतात आणि पूर्ण गाडी गोव्याकडे निघते. १९९९ च्या जानेवारीत हे सुरू झाले. अब्बांना याचे फार हसू यायचे. पन्नास डिझेलची इंजिने आराम करत बसलीत आणि एक बिचारे त्यांना पाठीवर घेऊन पळतेय, म्हणायचे.

विजेचे म्हणाल तर पनवेलचा आणि विजेचा संबंध हार्बर लोकलमुळे जुना वाटतो. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बर मार्गानेच कुर्ल्याला गेली. तेव्हा तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती. पुढे देशभर २५,००० व्होल्टची एसी आली. तार बारीक लागते, वीज लांबवर पोहोचते, ताकद जास्त मिळते. पण मुंबईत जुनीच वीज राहिली. म्हणूनच मुंबई भागासाठी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने बनली. ती धावता धावता एका विजेवरून दुसरीवर जात. माझ्या घरात सासरी एक भाषा आणि माहेरी दुसरी, तसे. मध्य रेल्वेने हळूहळू सगळीकडे एसी आणली आणि शेवटी एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गाची पाळी आली. जिने सुरुवात केली तीच लाइन शेवटी बदलली. डीसी गेली तशी त्या दुभाषी इंजिनांची खास गरजही संपली.

कोकण रेल्वे मात्र डिझेलवरच होती. २०१५ मध्ये विद्युतीकरणाची पायाभरणी झाली आणि जून २०२२ मध्ये पूर्ण मार्ग विजेवर गेल्याचे जाहीर झाले. बोगद्यांत तार ओढायची, समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात ती टिकवायची, हे काम सोपे नव्हते. त्यानंतर टप्प्याटप्प्याने डिझेल इंजिने मागे हटत गेली. काही शेडमध्ये राखीव राहिली, काही भंगारात गेली. देशातल्या अशा इंजिनांपैकी दहा जुलै २०२० मध्ये बांगलादेशाला दिली होती. ती बातमी अब्बांनी कापून डायरीत ठेवली आहे.

फायदा कोणाला नको? बोगद्यात धूर नाही, खिडक्या उघड्या. वातानुकूलित डब्यांसाठी गाडीला लावलेला जनरेटरचा डबा कानठळ्या बसवायचा. आता दिवे-पंख्यांची वीजही इंजिनच तारेतून घेऊन डब्यांना देते. डिझेल बाहेरून आणावे लागते, त्याचे पैसे वाचतात. मी शाळेत मुलांना हेच शिकवते आणि मनापासून शिकवते. शेडमध्ये आज कामाला लागणाऱ्या मुलाचे कान साठाव्या वर्षी शाबूत असतील, तर त्याहून मोठी गोष्ट कोणती?

पण त्या पहिल्या थंडीत आपाची गाडी आली आणि अब्बांनी खांबावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हात काढून त्यांनी तळव्याकडे पाहिले आणि माझ्याकडे बघून विचारले, ‘इंजिन लागलं नाही का अजून?’ इंजिन लागलेले होते. विजेच्या इंजिनातही पंखे घोंघावतात, हवेचा कॉम्प्रेसर धापा टाकतो; ऐकणाऱ्याला ते गप्प वाटत नाही. पण सोळा सिलिंडरांचा तो हादरा नाही, जो जमिनीतून खांबात आणि खांबातून हातात येतो. त्या रात्री गाडी हलली तेव्हा अब्बा आपाचा हात धरून डब्याच्या दाराशी उभे होते. त्यांना कळलेच नाही. आधी इंजिनाने जोर घेतला की त्यांच्या पायांना समजायचे आणि ते मागे सरायचे. मी ओढले म्हणून बरे. काही झाले नाही, अल्लाहचा शुक्र. पण घरी येताना ते म्हणाले, ‘आता मी येत नाही. तूच जात जा.’

आणि खरेच ते यायचे थांबले. दीड वर्ष. मी डबा घेऊन जायची, आपा माझ्या मागे बघायची, मग म्हणायची, ‘झोपले असतील.’ पाचव्या-सहाव्या वेळी तिने विचारले, ‘माझ्यावर नाराज आहेत का? खरं सांग.’ मी नाही म्हटले. तिला पटले नाही. फोनवर त्यांच्याशी बोलून खात्री करायची तर सोय नाही. हे मी अब्बांना पाटीवर लिहून दाखवले, तर ते चिडले. ‘नाराज कशाला असेन? मला तिथे काही समजत नाही, एवढंच.’

गेल्या हिवाळ्यात माझा धाकटा आठवीत गेला आणि त्याला इंजिनांचे वेड लागले. कसे लागले ते विचारू नका, घरातच जंतू आहेत. त्याने नानांच्या पलंगावर बसून त्यांची सगळी बाराखडी वहीत उतरवून घेतली. प्रश्न तो उर्दूत लिहायचा, नाना तोंडाने उत्तर द्यायचे. एके दिवशी त्याने लिहिले, ‘डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ दिसायला सारखी का?’ अब्बांनी वही लांब धरून वाचले आणि गप्प झाले. विजेच्या इंजिनांवर त्यांनी कधी काम केलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, ‘तुझी आपा कधी जाणार आहे?’

रात्री आम्ही तिघे गेलो. थंडी होती, अब्बांनी मफलर गुंडाळला होता. खांबाजवळ आले, पण हात ठेवला नाही. गाडी शिरली तेव्हा धाकटा पुढे पळाला, नंबर टिपून परत आला आणि वही नानांपुढे धरली. अब्बांनी वाचले, मग डोळ्यांवर हाताचा आडोसा करून, दुसऱ्या टोकाला जायला निघालेल्या त्या इंजिनाकडे पाहिले. सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीचे, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा.

आपा उतरली. सलाम केला. अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच तिला म्हणाले, ‘हे बघ, हा विचारतो दोन्ही सारखी का. सारखीच आहेत. मालगाडीचं इंजिन घेतलं आणि दातांचा हिशेब बदलला.’ मग बाकावर बसून त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींना लावल्या. मोटारीवरचे चाक लहान आणि आसावरचे फार मोठे असेल तर जोर जास्त, धाव कमी; ते मालगाडीचे. फरक कमी केला की जोर थोडा घटतो, पण धाव वाढते, ते प्रवाशांचे. सायकलला गिअर असतात तसे. हे सगळे त्यांनी धाकट्याला सांगायच्या मिषाने आपाला सांगितले. आपाला गिअरचे काही कळत असेल असे मला वाटत नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एकदा तिने मध्येच ओठ नीट हलवत विचारले, ‘आणि अब्बा, ब्रेक?’ त्यावर ते इतके खूश झाले! नव्या इंजिनांना ब्रेक लावताना मोटारीच उलट काम करतात आणि वीज तयार होऊन तारेत परत जाते. ‘घाट उतरून आलीस ना आता? उतरताना तुझ्या इंजिनाने वीज परत केली असेल. आमचं आल्को ती नुसती गरम हवा करून उडवायचं.’ हे त्यांनी कधी वाचले, कुठे वाचले, आम्हाला माहीत नव्हते. म्हणजे दीड वर्ष ते नुसते रुसून बसले नव्हते तर.

गाडीला थोडासा हिसका बसला. मी धाकट्याला खूण केली. त्याने नानांच्या गुडघ्यावर दोनदा थाप मारली. हे त्यांच्यात आधीच ठरले होते. अब्बा उठले, आपाला दाराशी पोहोचवले आणि स्वतः तीन पावले मागे येऊन उभे राहिले. सिग्नल झाला. इंजिन दूरच्या टोकाला होते. निघताना त्याचा तो एक एक सूर वर चढत गेला. धाकटा म्हणाला, ‘नाना, गातंय!’ अब्बांनी त्याचे ओठ वाचले आणि विचारले, ‘कसं?’ धाकट्याने हात पायऱ्या चढवल्यासारखा वर वर नेऊन दाखवला.

शेवटच्या डब्याचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा माझ्या लक्षात आले की डबा माझ्याच हातात आहे. सांदणे घरी येऊन आम्ही तिघांनी खाल्ली. आपाचा मेसेज दीड वाजता आला, की भूक लागली आहे आणि अब्बांना विचार, वीज परत केल्याचे पैसे कोणाला मिळतात?